चौदा डिसेंबर : एका तारखेचा अभ्यास

आमच्या महाविद्यालयाच्या जिन्यापाशी एक काळा फळा आहे. त्यावर रोज सकाळी 'दिनविशेष' लिहिला जातो. हे काम वाङ्मय मंडळाकडे असते आणि गेल्या वर्षी मंडळाने ते माझ्याकडे सोपवले होते. काम म्हटले तर पाच मिनिटांचे. आदल्या रात्री त्या तारखेला कोण जन्मले, कोण निवर्तले, काय घडले हे पाहून ठेवायचे आणि पहिला तास सुरू होण्यापूर्वी खडूने चार ओळी लिहायच्या. विद्यार्थी त्या ओळी आवर्जून वाचतात असा माझा समज होता. पुढे कळले की पुष्कळ जण फळ्याखालच्या कट्ट्यावर बसण्यासाठीच तेथे येतात. असो.

१४ डिसेंबरच्या सकाळी मी लिहिले : "१९२४ : राज कपूर यांचा जन्म." खाली जागा उरली म्हणून इंग्लंडमधल्या 'द क्लॅश' या वाद्यवृंदाची 'लंडन कॉलिंग' ही प्रसिद्ध ध्वनिमुद्रिका १९७९ साली याच दिवशी निघाल्याची नोंद केली. आपला फळा जरा आधुनिक दिसतो आहे या समाधानात मी संध्याकाळी माधवनगरला घरी आले.

माझे आजोबा माधवनगरच्या एका कापड गिरणीत कामाला होते. आता वय सत्त्याहत्तर आहे, ऐकू थोडे कमी येते, पण चौकशी कमी झालेली नाही. "आज फळ्यावर काय लिवलंस?" हा त्यांचा रोजचा प्रश्न. मी सांगितले. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि विचारले, "आन् माडगूळकर?"

मी गप्प राहिले. गदिमांची पुण्यतिथी १४ डिसेंबरला असते हे मला, मराठी विषय घेतलेल्या आणि सांगली जिल्ह्यात जन्मलेल्या मुलीला, आठवले नव्हते.

आजोबा पुढे म्हणाले, "त्या बुधवारी दोघंबी गेले, बाळ. माडगूळकर आन् शैलेंद्र. राती रेडिओवर गीतमाला ऐकली. आमी गाणी ऐकत हुतो तवा लिवणारी माणसं न्हवतीच. सकाळी पेपर आला तवा कळलं."

त्यांचे हे बोलणे खरे की खोटे, हे तपासण्यासाठी मी वह्या-पुस्तके काढून बसले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या तपासणीचा वृत्तान्त आहे. त्यातून एका तारखेचा अभ्यास कसा करावा याविषयी जे थोडेफार हाती लागले, ते माझ्या बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

प्रथम तारखेविषयीच दोन शब्द. आपल्याकडे माणसाची आठवण तिथीने ठेवण्याची जुनी रीत आहे. तुकारामबीज ही फाल्गुन वद्य द्वितीयेला येते. ती इंग्रजी कोणत्या तारखेला पडली याची वारकरी फिकीर करीत नाही. गीतरामायणाचेच पाहा. पुणे आकाशवाणीवरून त्याचे पहिले गीत प्रसारित झाले ते १ एप्रिल १९५५ रोजी. पण कुणाही जुन्या माणसाला विचारले तर तो 'रामनवमीला' असे सांगेल, १ एप्रिल सांगणार नाही. उलट आमच्या सांगलीला एक तारीख मात्र पाठ आहे. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' हे नाटक येथे केले आणि म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन झाला. म्हणजे काही घटना तिथीने जगतात, काही तारखेने. चित्रपट आणि रेडिओ ही यंत्रयुगाची अपत्ये असल्यामुळे त्यांच्या संगीताचा इतिहास बहुतेक सगळा तारखेनेच सांगावा लागतो.

आता १४ डिसेंबर या तारखेला लोकप्रिय संगीताच्या जगात काय काय घडले, ते क्रमाने पाहू. १९२४ साली पेशावर येथे राज कपूर जन्मले. १९५१ साली त्यांचा 'आवारा' प्रदर्शित झाला. १९६३ साली अमेरिकेत डायना वॉशिंग्टन ही थोर कृष्णवर्णीय गायिका निवर्तली. १९६६ साली मुंबईत गीतकार शैलेंद्र गेले. १९७७ साली पुण्यात ग. दि. माडगूळकर गेले. १९७९ साली 'लंडन कॉलिंग' निघाली. २००६ साली अमेरिकेतल्या 'अटलांटिक रेकॉर्ड्स' या कंपनीचे एक संस्थापक, तुर्कस्तानात जन्मलेले अहमद एर्तेगुन, वारले.

ही यादी फळ्यावर लिहिली तर छान दिसेल. पण यादी म्हणजे इतिहास नव्हे. वर्षात दिवस ३६५ आणि जगात गाणारे-वाजवणारे असंख्य. तेव्हा कुठल्याही तारखेला हात घातला तरी मूठभर नावे निघणारच. अशा यादीत दोन प्रकारचे धागे असतात. एक केवळ योगायोगाचा आणि दुसरा माणसांच्या प्रत्यक्ष कामातून आलेला. हे दोन धागे वेगळे करता आले पाहिजेत.

योगायोगाचे उदाहरण घेऊ. डायना वॉशिंग्टनला डेट्रॉइट शहरात मृत्यू आला. ती अवघी ३९ वर्षांची होती. 'आवारा'चे शीर्षकगीत गाणारे मुकेश १९७६ साली अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना गेले, तेही डेट्रॉइटलाच. शिवाय डायना आणि राज कपूर दोघांचे जन्मवर्ष १९२४. या गोष्टी चमत्कारिक वाटतात, पण त्यांतून काही निष्पन्न होत नाही. त्या सांगून ऐकणाऱ्याला क्षणभर चकित करता येईल, इतकेच.

परंतु डायनाच्याच बाबतीत दुसरी एक गोष्ट मला अधिक मोलाची वाटली. तिचे सर्वांत गाजलेले गाणे १९५९ सालचे, 'व्हॉट अ डिफरन्स अ डे मेक्स'. एका दिवसाने केवढा फरक पडतो, अशा अर्थाचे हे नाव. जग ते गाणे डायनाचे म्हणून ओळखते. वास्तविक त्याची चाल मारिया ग्रेव्हर या मेक्सिकन बाईंची असून ती १९३४ सालची आहे, आणि त्याचे इंग्रजी शब्द स्टॅनले अ‍ॅडम्स यांचे आहेत. ही दोन नावे किती जणांना ठाऊक आहेत? गाणे तोंडातोंडी राहते, गाणाऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढे राहतो, पण शब्द देणारा मागे पडतो. माझ्या फळ्यावर त्या सकाळी नेमके हेच घडले होते. पडद्यावर दिसणारा माणूस मी लिहिला आणि पडद्यामागचे दोघे वगळले.

आता दुसऱ्या धाग्याकडे वळू. राज कपूर आणि शैलेंद्र यांची नावे एका तारखेखाली येतात, त्यामागे सतरा-अठरा वर्षांचे एकत्र काम आहे. शैलेंद्रांचा जन्म १९२३ सालचा, रावळपिंडीचा. मूळ नाव शंकरदास केसरीलाल. बालपण मथुरेत गेले आणि पुढे ते मुंबईत रेल्वेच्या माटुंगा कारखान्यात नोकरीला लागले. कारखान्यात काम करावे आणि कामगारांच्या सभांत कविता म्हणावी असा त्यांचा क्रम होता. 'इप्टा' म्हणजे भारतीय जननाट्य संघाशी त्यांचा निकटचा संबंध होता. फाळणीत होरपळलेल्या पंजाबवरची त्यांची कविता राज कपूर यांनी १९४७ च्या सुमारास ऐकली आणि ती आपल्या चित्रपटासाठी मागितली. कविता विकण्यासाठी नाही, असे सांगून शैलेंद्रांनी नकार दिला. पुढे घरात पैशाची निकड आली तेव्हा ते आपण होऊन गेले आणि 'बरसात' (१९४९) या चित्रपटासाठी त्यांनी दोन गाणी लिहिली. मोबदला पाचशे रुपये मिळाला, असे सांगतात.

त्यानंतर दोन वर्षांनी, १४ डिसेंबर १९५१ ला, 'आवारा' आला. त्या दिवशी राज कपूर सत्तावीस वर्षांचे झाले. कथा-पटकथा ख्वाजा अहमद अब्बास आणि व्ही. पी. साठे यांची, संगीत शंकर-जयकिशन यांचे, आणि शीर्षकगीत शैलेंद्रांचे. हे गाणे सोव्हिएत रशिया, तुर्कस्तान आणि चीनपर्यंत पोचले. हिंदीचा गंधही नसलेली माणसे ते गुणगुणू लागली. याचे श्रेय चालीला आणि मुकेशच्या आवाजाला आहेच. पण शब्दही इतके साधे की परक्या जिभेवर सहज बसावेत. शैलेंद्रांची सारी ताकद या साधेपणात आहे. 'दो बिघा जमीन' मधला शेतकरी असो, 'बंदिनी' मधली तुरुंगातली स्त्री असो किंवा १९६३ सालच्या पहिल्या भोजपुरी चित्रपटातली खेड्यातली मुलगी असो, ज्या पात्रासाठी ते लिहीत त्या पात्राच्या तोंडी शोभेल असाच शब्द ते घालीत.

त्यांचा अखेरचा काळ मात्र कष्टाचा गेला. फणीश्वरनाथ रेणू यांच्या कथेवर 'तीसरी कसम' हा चित्रपट काढण्याचे त्यांनी मनावर घेतले. दिग्दर्शक बासू भट्टाचार्य, नायक राज कपूर, नायिका वहिदा रहमान. चित्रपट पुरा व्हायला वर्षे लागली, खर्च वाढत गेला, आणि १९६६ साली तो प्रदर्शित झाला तेव्हा प्रेक्षक आले नाहीत. निर्माता कर्जात बुडाला. त्याच वर्षी १४ डिसेंबरला, आपल्या मित्राच्या बेचाळिसाव्या वाढदिवशी, शैलेंद्र गेले. वय अवघे त्रेचाळीस. पुढे त्याच चित्रपटाला वर्षातला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. ते पाहायला निर्माता नव्हता. 'मेरा नाम जोकर' (१९७०) साठी त्यांनी सुरू केलेले एक गाणे त्यांच्या मुलाने पुरे केले. 'ब्रह्मचारी' या १९६८ सालच्या हिंदी चित्रपटातल्या गाण्यासाठी त्यांना तिसऱ्यांदा फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, तेही मृत्यूनंतरच.

'ब्रह्मचारी' हे नाव वाचताच मला गदिमा आठवले. अर्थात तो चित्रपट निराळा, १९३८ सालचा. आचार्य अत्रे यांनी लिहिलेला आणि मास्टर विनायक यांनी कोल्हापूरच्या 'हंस पिक्चर्स'साठी दिग्दर्शित केलेला. गणितापायी मॅट्रिकची परीक्षा हुकलेला एक खेड्यातला मुलगा त्यात छोट्याशा भूमिकेत उभा राहिला होता. एकाच नावाच्या दोन चित्रपटांपैकी एक या कवीच्या प्रारंभी आणि दुसरा त्या कवीच्या अखेरीस. हा पुन्हा योगायोगच, म्हणून त्यावर अधिक रेंगाळत नाही.

गदिमांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ चा, शेटफळे गावचा. कुटुंबाचे गाव माडगुळे. दोन्ही गावे आज सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात आहेत. त्या काळी हा मुलूख औंध संस्थानात होता. हा भाग पाऊस चुकवून जाणारा. पण ओवी, अभंग, भूपाळी, लावणी आणि पोवाडा यांची पेरणी तेथे भरपूर झाली होती. त्या शिदोरीवर गदिमा कोल्हापूरला आले. काही दिवस वि. स. खांडेकर यांचे लेखनिक म्हणून राहिले, चित्रपटांत लहानसहान कामे केली आणि हळूहळू गीतलेखनाकडे वळले. १९४७ सालच्या 'रामजोशी'ने त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले. पुढे त्यांनी शंभराहून अधिक मराठी चित्रपटांसाठी लेखन केले. कथा, पटकथा, संवाद आणि गीते, यांतले काहीही त्यांना वर्ज्य नव्हते. १९५५-५६ मध्ये सुधीर फडके यांच्या संगीताने सजलेली गीतरामायणाची ५६ गीते आठवड्यामागून आठवडा आकाशवाणीवरून प्रसारित झाली. एखादे गीत ऐन वेळी पुरे होई, मग चाल बसवावी लागे, मग गायक. इतक्या घाईत निघालेले काव्य आज सत्तर वर्षे घराघरांत गायले जाते, ही साधी गोष्ट नाही. त्यांना १९६९ साली पद्मश्री मिळाली आणि १९७३ साली यवतमाळच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद लाभले.

शैलेंद्र आणि गदिमा यांना शेजारी ठेवून पाहिले तर एक साम्य चटकन नजरेत भरते. दोघांनी लोकांच्या तोंडची भाषा उचलली. दोघेही प्रसंग पाहून, चालीला धरून लिहिणारे, आणि तरीही मागणीनुसार लिहिलेल्या गाण्यात स्वतःचे काही ठेवून जाणारे. शिवाय दोघांच्याही नावाशी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळालेला एकेक चित्रपट जोडलेला आहे आणि दोघांचाही तेथला वाटा केवळ गाण्यांचा नाही. शैलेंद्र 'तीसरी कसम'चे निर्माते होते, तर गदिमांनी व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) ची कथा-पटकथा लिहिली. या कथेला आपल्याच जिल्ह्यातला आधार आहे. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे औंध संस्थानाने १९३९ साली कैद्यांची खुली वसाहत सुरू केली होती. भिंतीवाचून तुरुंग कसा असू शकतो, हे गदिमांच्या मुलुखाने आधीच पाहिलेले होते. चित्रपट बर्लिनपर्यंत गाजला. स्वतंत्रपूर मात्र आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना माहीत नव्हते. मीही त्या निम्म्यांतच होते.

येथवर वाचल्यावर आजोबांचे म्हणणे मला चुकीचे ठरवावे लागले. दोघे एकाच बुधवारी गेले नव्हते. दोन मृत्यूंत अकरा वर्षांचे अंतर होते. पण बुधवारचे काय? आजोबांच्या आठवणीत बुधवार इतका ठाम कसा?

याचे उत्तर गणितात सापडले. साधे वर्ष ३६५ दिवसांचे, म्हणजे ५२ आठवडे आणि १ दिवस. म्हणून एखादी तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे सरकते. मध्ये २९ फेब्रुवारी आला तर दोन वार सरकते. १९६६ ते १९७७ ही अकरा वर्षे. त्यांत १९६८, १९७२ आणि १९७६ ही तीन लीप वर्षे. अकरा आणि तीन मिळून चौदा. म्हणजे बरोबर दोन आठवडे. तेव्हा १४ डिसेंबर १९६६ चा जो वार, तोच १४ डिसेंबर १९७७ चा. आता तो वार कोणता? १५ ऑगस्ट १९४७ हा शुक्रवार होता, हे सर्वांना माहीत आहे. तेथून १५ ऑगस्ट १९६६ पर्यंत १९ वर्षे आणि ५ लीप दिवस, मिळून २४. सातने भागून बाकी ३. शुक्रवारपासून तीन वार पुढे म्हणजे सोमवार. १५ ऑगस्ट ते १४ डिसेंबर १२१ दिवस, बाकी २. सोमवारपासून दोन वार पुढे, म्हणजे बुधवार!

दोन्ही वेळा बुधवारच होता. आणि बुधवार हा रेडिओ सिलोनवरच्या बिनाका गीतमालेचा वार. डिसेंबर १९५२ मध्ये सुरू झालेला अमीन सयानी यांचा हा कार्यक्रम दर बुधवारी रात्री आठ वाजता लागे. गिरणीतल्या माणसाचा आठवडा पाळीने मोजला जातो; आजोबांच्या पिढीने तो गीतमालेनेही मोजला. त्यामुळे दोन निरनिराळ्या वर्षांचे दोन बुधवार त्यांच्या मनात एकावर एक बसले आणि कालांतराने एकच झाले. त्यांची तारीख चुकली होती, वार चुकला नव्हता.

हे मी त्यांना सांगितले तेव्हा ते प्रथम मान्य करीनात. त्यांच्या डोळ्यांपुढे चित्र स्पष्ट होते. खिडकीत रेडिओ, मांडीवर लहान मूल म्हणजे माझे वडील, आणि शेजारी त्यांचे एक स्नेही गाण्यांची वही घेऊन बसलेले. हे स्नेही गिरणीत त्यांच्याबरोबरच कामाला होते. दर बुधवारी ते वहीत तारीख घालून गाणी उतरवीत आणि प्रत्येक गाण्यापुढे चित्रपट, गायक, संगीतकार आणि गीतकार अशी चारही नावे लिहीत. ते मुंबईला गेले तेव्हा वही आजोबांकडे राहिली.

ती वही आम्ही माळ्यावरून काढली. पाने पिवळी पडली आहेत, कडा उंदरांनी कुरतडल्या आहेत. एका पानावर '१४-१२-६६, बुधवार' अशी तारीख आहे. खाली नेहमीसारखी गाणी. त्यांतल्या जेथे जेथे शैलेंद्रांचे नाव आहे तेथे तेथे नंतर, निराळ्या शाईने, नावाभोवती चौकट केली आहे. बहुधा दुसऱ्या दिवशी पेपर वाचल्यावर केली असावी. वहीतली शेवटची तारीख १९७० सालची. त्यानंतर वही कोरी आहे, कारण स्नेही मुंबईला गेले. आणि माझे वडील जन्मले मार्च १९७७ मध्ये.

म्हणजे ते स्नेही आणि ते मूल एका खोलीत एका बुधवारी असणे शक्यच नव्हते. आजोबा वहीकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे सत्त्याहत्तरला तो न्हवताच. मला वाटायचं, माडगूळकर गेले तवा तो शेजारी हुता." थोड्या वेळाने म्हणाले, "मग मी येकलाच हुतो."

मला क्षणभर वाटले, ही तपासणी केली नसती तर बरे झाले असते. खरी तारीख हाती आली, पण एका म्हाताऱ्या माणसाचा सोबती गेला. मी काही बोलणार इतक्यात तेच म्हणाले, "न्हाई, येकला कशानं? तुजा बा हुता की मांडीवर."

विषय बदलावा म्हणून मी शैलेंद्रांविषयी वाचलेले त्यांना सांगू लागले. ते रेल्वेच्या कारखान्यात कामगार होते आणि संपाविषयीची एक हिंदी घोषणा, जी देशभरच्या मोर्चांत दिली जाते, ती त्यांच्या कवितेतली आहे. घोषणा मी वाचून दाखवताच आजोबा ताठ बसले. "ही तर आमची! गेटवर ह्योच घोशा लावायचो आमी. ही शैलेंद्रची?" ज्या माणसाची गाणी ते बुधवारी रात्री ऐकत होते, त्याचेच शब्द दिवसा गिरणीच्या दारात त्यांच्या स्वतःच्या तोंडी होते. दोन्हींचा कर्ता एक आहे हे त्यांना इतक्या वर्षांनी, नातीकडून कळले. कवीला याहून मोठा मान काय मिळावा, आणि याहून मोठे विस्मरण तरी काय असावे?

या सर्व खटाटोपातून मी काय शिकले, ते थोडक्यात सांगते. तारीख म्हणजे खुंटी. खुंटीवर काय टांगायचे हे आपण ठरवतो, आणि सहसा जे चटकन दिसते तेच टांगतो. डिसेंबर २०२४ मध्ये राज कपूर यांची जन्मशताब्दी झाली, तेव्हा देशभर त्यांचे चित्रपट पुन्हा दाखवले गेले. ते योग्यच झाले. त्यांनी कवीला हेरले नसते तर आज शैलेंद्रांवर लिहायला मी बसले नसते. पण गाणे एकट्याचे नसते. रेडिओवरचा निवेदक गायक, संगीतकार आणि गीतकार अशी नावे सांगत असे, म्हणून माझ्या आजोबांना गीतकार ठाऊक आहेत. आमच्या पिढीच्या हातातल्या फोनवर गाणे लागते तेव्हा बहुधा गायकाचे नाव तेवढे पुढे येते. २०१२ सालच्या कायद्यातल्या दुरुस्तीने गीतकाराचा मानधनावरचा हक्क बळकट केला. त्याचे नाव आठवणीत ठेवण्याचा कायदा मात्र कुणी करू शकत नाही. ते काम आपले आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे, छापील नोंद आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची आठवण ही दोन्ही तपासून घ्यावीत. आठवण चुकते, पण पोकळ क्वचितच असते. आजोबांची चूक मी तशीच सोडून दिली असती तर दोन्ही बुधवारांचा मेळ मला कधीच लागला नसता, कारण कोणत्याही दिनविशेषाच्या पुस्तकात वार दिलेला नसतो.

यंदा फळ्याचे काम प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थ्याकडे आहे. १४ डिसेंबरसाठी मी त्याला चार ओळी लिहून दिल्या आहेत. १९२४, राज कपूर यांचा जन्म. १९५१, 'आवारा' प्रदर्शित, शीर्षकगीत शैलेंद्र. १९६६, गीतकार शैलेंद्र यांचे निधन, बुधवार. १९७७, ग. दि. माडगूळकर यांचे निधन, बुधवार. त्याने विचारले, "ताई, वार कशाला? जागा पुरणार नाही." मी म्हटले, अक्षर लहान काढ, पण वार लिही.